दादाचं जहाज कुणाचंच नाही

१४ ऑक्टो., अर्विंग
दादाचा टँकर युरोपातल्या नेव्हीनं अडवून बंदरात नेलाय. आत रशियाचं कच्चं तेल. झेंडा कुठल्यातरी बेटाचा, तोही खोटा. दादा त्यावर थर्ड ऑफिसर, म्हणजे ज्युनियरच. दापोलीहून आई: "तू अमेरिकेत आहेस ना, मग सांग की कुणाला तरी!" कुणाला? पिस्कॅटवेला कॉलेज सोडलं, बॉथेलला नोकरीही सोडली. आता इथे देसाईकाकांकडे राहतो, ग्रोसरीत भेंडी रचतो.

१५ ऑक्टो.
काका आयुष्यभर तेल कंपनीत होते. चहावर लेक्चर. "रशियाला विकायचंय, युरोपला अडवायचंय, आपल्याला स्वस्तात हवंय. तुझा भाऊ यात कुणालाच नकोय रे."
काकू: "अहो, काय बोलताय त्याच्यासमोर!"
"मग खोटं बोलू?"
पण अडकलेल्या खलाशांच्या केसेस बघणारी त्या बंदरातली एक वकीलबाई त्यांनीच शोधून दिली.

१६ ऑक्टो.
ब्रेकमध्ये वकीलबाईला मेल लिहायची होती. पार्किंगमध्ये काळ्या पक्ष्यांची सामोशावरून मारामारी, अर्धा तास तेच बघत बसलो. मग घाईत लिहून टाकली.

१९ ऑक्टो.
रशिया म्हणे जहाज आमचं नाहीच. मालक फोन उचलत नाही. दादाचा एकच मेसेज: "जेवलो. आईला सांग."

२३ ऑक्टो.
क्रूला सोडतायत! काकूंनी शिरा केला.

२४ ऑक्टो.
सगळे सुटले. दादा नाही.
वकीलबाईचं उत्तर आलं. क्रू लिस्टवरचा कॅप्टन जहाजावर नाहीच. बाकी कागद खोटे, म्हणून लिस्टही खोटी धरली. एकच कागद कोर्टाला खरा वाटला. माझी मेल, तिनंच जोडलेली. उघडून वाचली. 'माझा भाऊ कॅप्टन आहे.' म्हणून जहाजाचा जबाबदार माणूस दादाच, त्याला ठेवून घेतलं.
आमच्याकडे जहाजावर गेलेला प्रत्येकजण कॅप्टनच. लग्नपत्रिकेत, सत्कारात, आईच्या तोंडी. लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही.

२५ ऑक्टो.
काका चिडले नाहीत, तेच वाईट. "चूक झाली असं सांगणारी दुसरी मेल लिही." लिहिली. वकीलबाई: पाठवते, पण आता कोर्ट म्हणणार कुणीतरी शिकवलं. यार, काय करू

२८ ऑक्टो.
तेल आपलं म्हणून तीन कंपन्या कोर्टात उभ्या. रशियाचं अजून तेच, जहाज आमचं नाही. आपली एम्बसी 'लक्ष ठेवून' आहे. दादाचा मेसेज नाही.

३० ऑक्टो.
आईचा फोन. "बाकीची पोरं घरी पोचली. आपलाच का राहिला रे?"
म्हटलं, पेपर्स.
"तो कॅप्टन आहे हे सांगितलंस ना त्यांना? जरा मानानं वागवतील."
हो म्हटलं.