हा कुणाचा?

नाना, काल नातीला तुमची ती गोष्ट सांगितली. दक्षिण ध्रुवाकडे निघालेलं जहाज बर्फात अडकून चिरडतं, माणसं बेटावर उलट्या होडीखाली दिवस काढतात, आणि कप्तान मदत घेऊन परत येतो. पारनेरला दुष्काळात तुम्ही ती सांगायचात. शाळेत गुरुजी, म्हणून घरातही धडाच. भाकरी त्या लोकांसारखी वाटायचात. एकानं पाठ फिरवून बसायचं, तुम्ही तुकड्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" तो ज्याचं नाव घेईल त्याचा तुकडा. मग कुरकूर नाही. आई म्हणायची, "कप्तानाला म्हनावं, आधी पीठ आन." तुम्हाला हसू येत नसे. "त्यानं एकालाबी मागं ठेवलं न्हाई," म्हणताना तुमचा आवाज भरून यायचा.

थोरला भाऊ एकदा नापास होऊन माझ्याच वर्षी मॅट्रिक झाला. नगरच्या कॉलेजात एकालाच धाडता येणार होतं. तुम्ही फॉर्म जमिनीवर ठेवता, थोरल्याला भिंतीकडे तोंड करून बसवता.

"हा कुणाचा?"

"तिचा," तो म्हणतो.

तुम्ही बोट उचलत नाही. "नीट इचार करून सांग."

मग तो भिंतीलाच सांगितल्यासारखं, "माझा."

"झालं," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बघून, "वाटणीत कुरकूर न्हाई." मी केली नाही.

मला जामखेडला दिलंत. बेटावरची माणसं रोज सकाळी अंथरुणं गुंडाळून ठेवायची, कप्तान आज येईल म्हणून. मीही वर्षभर मार्कलिस्ट ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली. तुम्ही आलात ते बारशाला. मी कागद पुढं केला. "थोरल्यापेक्षा लई जास्त हायेत की," म्हणालात. मग घडी घातलीत. "पाळना डुगडुगतोय. त्याच्या पायाखाली घाल."

मी घातली.

नातीनं मोबाईलवर वाचून विचारलं, "आजी, त्यांनी बरोबरची कुत्री मारून खाल्ली. ते का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "मला शिकवलंच नाही." खरंच, नाना, तुमच्या गोष्टीत कुत्री नव्हतीच.

हे पत्र धाडायचं कुठं, म्हणून पोथीत ठेवते. एक सांगायचं राहिलं. रोज देवापुढं दिवा लावताना मी गेलेल्या सगळ्यांसाठी हात जोडते. सासूबाई, आई, आता थोरलाही. तुमचं नाव गाळते. तुम्ही गेलात त्या दिवसापासून. देवानं अजून विचारलं नाही.