अंतऱ्यातला वरचा सा

८ नोव्हें. ९८, रवि.
स्वतःच्या हातानं केलेलं: ही पेटी (साग, ३९ पट्ट्या, भाता तिसऱ्यांदा जमला, आतले पितळी सूर तेवढे विकतचे), तिच्याखालचं स्टूल, टेपरेकॉर्डरचं खोकं, अकरा चाली. कशालाही गुरू नाही. बारावी चाल शुक्रवारी पाळीवर सुचली, सातपूरला, कारखान्यातल्या प्रेसच्या ठोक्यावर. पाचच स्वर: ग प ध, प ग. तीस वर्षं त्या मशीनशेजारी उभा आहे, पहिल्यांदा काही दिलं त्यानं.

११ नोव्हें.
तुकडा एक पायरी खाली: रे म प, म रे. म आला, आता भूप राग राहिला नाही. चालेल. मग उलटा फिरवला: ध प ग, प ध. हा प्रश्न, पहिला उत्तर. मुखडा झाला. सुलभा पोळ्या लाटताना तोच गुणगुणत होती. मुद्दाम विचारलं नाही. बायको झाली तरी चुका काढतेच.

१५ नोव्हें.
अंतरा. तोच तुकडा वर नेला: ध सां रें, सां ध. पेटीचा वरचा सा उतरलेला वाटतो. सूर काढून टोकाला पात्यानं जरा खरवडला (टोक खरवडलं की चढतो, बूड खरवडलं की उतरतो). आता बरोबर.

१८ नोव्हें.
रें पण उतरलेला. शेजारचे तीनही. सगळे खरवडले. विकतचा माल, दुसरं काय.

२२ नोव्हें., रवि.
खैरनार तबला घेऊन आला. नामपूरचा, आमच्याच शॉपमधला. मुखडा रंगला. अंतऱ्याला हात थांबवला. "आप्पा, वरला सूर चढेल शे." मी म्हटलं, सूर चढलेला नाही, तबलाच उतरलाय तुझा. त्यानं हातोडी खाली ठेवली. सुलभा आतून म्हणाली, तिला आठवडाभर तेच वाटतंय, पण हातात पातं घेऊन बसलेल्या माणसाला कोण सांगणार.

२४ नोव्हें.
घरी कोणी नसताना वरचा सा दाबून धरला. उजवा कान बोटानं बंद, मग डावा. दोन वेगळे स्वर. पट्टी एकच.
म्हणजे पाच चांगले सूर मीच नासवले.

२७ नोव्हें.
कॉलेज रोड, कानाचा डॉक्टर. दोन्ही कान जाताहेत, वरच्या स्वरांपासून सुरुवात. हळूहळू खाली सरकेल. किती दिवसांत? "सांगता येत नाही. मशीन सोडा." घरी सर्दी सांगितली.

३ डिसें.
नवे सूर बसवले. कान खैरनारचा, हात माझा. तो "बस" म्हणाला की थांबायचं. पेटी जुळली म्हणतात दोघं. मला बेसूर लागते.
अंतरा वर न नेता ध वरच थांबवून पाहिला. गुदमरतो. त्याला सां हवाच. बोटं जातात तिथं, पण कानावर येतं ते...

९ डिसें.
ध पण संशयास्पद. सकाळी प. अंतऱ्याच्या तीन ओळी झाल्या. चौथी राहिली, मुखड्यावर परत आणणारी. तीच अवघड.

१२ डिसें.
मेनरोडचा कॅसेटवाला आला. खैरनारनं त्याला मुखडा ऐकवला होता. देवीच्या गाण्याला हवाय. अंतरा त्यांचा मुंबईचा माणूस बांधेल, नाव माझं एकट्याचं. मी म्हटलं, अंतरा होतोय, थांबा. थांबायला वेळ नाही म्हणे. सुलभा चहा घेऊन दारातच उभी. हळूच म्हणाली, "द्या ना हो. डॉक्टरचा कागद वाचलाय मी."
नाही म्हणून सांगितलं. मुखड्याचे पाच हजार देत होता, रोख.