वेब वर्कर, तुझ्या लग्नाचे फोटो आणि मी

चि. छबीस,

काकाचे आशीर्वाद, आणि जावईबापूंना नमस्कार. तुम्ही दोघं मजेत असाल. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतोच, पण हल्ली तिकडे लक्ष द्यायला सवड नसते. लग्नाचे फोटो का येत नाहीत म्हणून तू काकूला दोनदा फोन केलास म्हणे. त्याचाच खुलासा करायला बसलोय. शेवटपर्यंत वाच, मध्येच चिडू नकोस.

स्टुडिओची वेबसाइट मी स्वतः बनवतोय हे तुला ठाऊक आहेच. (या वयात जावास्क्रिप्ट कशाला, असं तुझे बाबा म्हणाले. ते या वयात पोहायला शिकले तेव्हा मी काही बोललो होतो का?) तर कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातले फोटो पानावर टाकले की ते सर्व्हरवर चढायचे खरे, पण माझ्या कॅमेऱ्याचे फोटो गलेलठ्ठ. पाठवण्याआधी एकेक लहान करण्यात पान असं गुंतून पडायचं की बटण दाबलं तरी ढिम्म. काकू दाबून दाबून वैतागली. मग वाचता वाचता मला वेब वर्कर सापडला, म्हणजे पानाच्या मागे चालणारा मदतनीस प्रोग्राम, आणि मी जेवायचंच विसरलो. काय डोकं चालवलंय गं कुणीतरी! जड काम त्याच्याकडे सोपवायचं. तो मागे राबत राहतो आणि पान मोकळं. गंमत म्हणजे त्याला पानाला हात लावायची मुभाच नाही. आपल्या जुन्या डार्करूमसारखं बघ, आतल्याने गिऱ्हाइकासमोर यायचं नाही, दाराच्या फटीतून चिठ्ठ्या द्यायच्या-घ्यायच्या.

तुझ्या लग्नाचे फोटो मी याच वर्करकडे दिले. पान झकास चालत होतं आणि लगेच हिरव्या अक्षरांत 'सगळे फोटो पोहोचले' असं आलं. काकूने विचारलं, कार्ड पुसू का, दुसरी ऑर्डर आहे. मी म्हटलं, खुशाल पूस. तेवढ्यात माझ्या डोक्यात किडा वळवळला, की पान बंद केलं तर मागचा वर्कर काम चालू ठेवतो का? बंद करून बघितलं. नाही ठेवत, छबी. पानाबरोबर तोही जातो. हे कळल्याचा आनंद मला चहा होईपर्यंत पुरला. मग सर्व्हर उघडला तर तिथे रिकाम्या खुर्च्या, उजेड तपासायला काढलेलं पायपुसणं आणि तुझ्या आत्तेसासूबाईंची पाठ, एवढंच. झालं होतं असं, की 'पोहोचले'ची पाटी मी वर्करला काम दिल्यादिल्याच लावत होतो. काम झाल्याची त्याची चिठ्ठी येईपर्यंत थांबायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. कार्ड तोवर पुसून दुसऱ्या ऑर्डरला गेलेलं. मला फार वाईट वाटतंय गं. पाटी दुरुस्त करायला घेतली आहे, पण तिचा तुला काय उपयोग.

तुझा,
काका

ता. क. : रविवारी दोघं या. तेच कपडे घाला, लग्नाच्या रजिस्टरवर सह्या करायचं तसंच टेबल मी मांडून ठेवतो. जावईबापूंना दाढी तेव्हाएवढीच ठेवायला सांग. ऐन सहीच्या वेळी तू रडलीस, तो फोटो मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता. रडायला जमलं तर बघ.

ता. क. (काकूचा) : पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहितेय. कार्ड मी पुसलेलं नाही, माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या ऑर्डरला नवं घातलं. सगळे फोटो आहेत, रडतानाचाही. यांना अजून सांगितलेलं नाही, कारण हातातलं काम सोडून भलतंच काही न करता हे पहिल्यांदाच काहीतरी तडीला नेतायत. तूही बोलू नकोस. पण रविवारी याच, तुम्हाला बघावंसं वाटतंय. आणि कार्ड का पुसलं नाही म्हणशील, तर 'पोहोचले' म्हणणारं पान यांनीच लिहिलेलं, आणि यांचं 'झालं' मी आमच्या लग्नापासून ऐकतेय.