दस्त्यांची वाकळ

मुखेड
दि. २० जानेवारी, मंगळवार

अक्षरास आत्याचे आशीर्वाद. तुझ्या आईबापाला शरणार्थ सांग.

तुझा कागद पोचला. "मी उमाबाई, अशिक्षित असून, सदर वाकळ शिवताना वापरलेल्या कापडांचा अर्थ मला ठाऊक नव्हता." अन् खाली अंगठ्यासाठी चौकट. चौकट! पोरी, तुझ्या बापाला पाटीवर पहिलं अक्षर मी गिरवून दिलं. चौथीपर्यंत मी पहिला नंबर सोडला न्हाई. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती म्हणून घरी बसवली. तुला हे सगळं ठाऊक. ती चौकट तू आखलीस, का तुमच्या 'ओसरी' मंडळातल्या कुणी आखली अन् तू बघत बसलीस? दोन्ही सारखंच.

फोन केला की "आत्या, मीटिंगमध्ये आहे." पाच वेळा झालं. म्हणून लिहून राहिले. शेजारची शिवकन्या उद्या डोळे दाखवायला लातूरला चाललीय, तिच्या हाती देते.

घरी तुझे मामा, माझे मालक, तसेच हायत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, डावा हात तेवढा चालतो. जेवण बरं हाय. यंदा थंडी लई पडलीय, अन् त्यांच्या अंगाखालची वाकळ तुझ्याकडं भिंतीला टांगलीय.

दिवाळीत तू आलीस. मामांना कुशीवर वळवताना तुला ती दिसली. सगळी पक्षांच्या दस्त्यांची, गळ्यात घालून सभेला जातेत त्या. "आत्या, हे काय केलंस गं!" म्हणून वीस फोटो काढलेस. लातूरच्या बंद पडलेल्या डाळ मिलमध्ये तुम्ही सहा जणं अकरा देशांच्या कलाकारांचं प्रदर्शन मांडणार, त्यात हिला मधली भिंत देते म्हणालीस. मी म्हणलं, "लोक वाकळ बघायला येतेत व्हय?" तू हसलीस. मी दिली. भिंतीवर काय लिहिणार ते विचारलं न्हाई, तिथं चुकले.

तुम्ही लिहिलं, "अनामिक ग्रामीण स्त्रीचा मूक विद्रोह." मला नाव हाय. अन् मूक का न्हाई ते मुखेडात कुणालाही विचार.

मग तमाशा झाला. झेंड्याचा अपमान म्हणून, ज्यांचे झेंडे तुझ्या मामांनी जन्मभर बांधले त्या साहेबांची माणसं आली, त्यांच्या विरोधातली बी आली. एरवी एकमेकांचं तोंड बघत न्हाईत, ते एका जीपमधून आले म्हणे. एवढं तरी माझ्या वाकळीनं केलं. काचा फुटल्या, पोलिसांनी त्या खोलीला कुलूप घातलं. परदेशी पाहुण्यांनी आपापल्या चित्रांवर काळं कापड टाकलं. त्याचा फोटो तू धाडलास, "आत्या, हे सगळे तुझ्यासाठी उभे आहेत." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवकन्येला बी दाखवला.

अन् आठव्या दिवशी पेपरात तुझ्या नावानं आलं. "सदर महिला अडाणी व भोळी असून फुकट मिळालेलं कापड तिने गरजेपोटी वापरले. तिला राजकारण कळत नाही." आठ दिवसांत मी विद्रोहावरून अडाणीवर आले. बरं, ते तुम्ही मला वाचवायला लिहिलं का कुलूप काढायला? कुलूप तर लगेच निघालं. तुमच्या मंडळाला परदेशातून बोलावणं आलंय, हे बी त्याच पेपरात खाली होतं. मला वाचता येतं.

काल राजशेखर आला. मामांच्या बरोबरीनं झेंडे बांधायचा, तोच. खुर्चीवर बसला न्हाई, दारातूनच बोलला. "उमाक्का, कागदावर सही कर अन् मोकळी हो. साहेब म्हणले, बाईचा काय दोष, तिला काय कळतंय."

"कोण म्हणलं?"

"साहेब."

"साहेबाला म्हणावं, दोन वर्षं झाली, तुमचा माणूस पडला तर बघायला सवड न्हाई. त्याच्या बायकोची अक्कल मोजायला बरी सवड गावली."

"अक्का, मी निरोप्या माणूस हाय."

"मग निरोप घेऊन जा."

तो गेला तर वीरेश बोलला. तुझा भाऊ नऊ वर्षं साहेबांच्या कॉलेजात टेंपररी शिपाई हाय. "आई, कर की सही. मार्चात माझी परमनंटची ऑर्डर निघणार हाय." खाली बघून बोलला. त्याला मी बोल लावत न्हाई.

आता तुला दिवाळीत सांगितलं न्हाई ते सांगते.

पंचवीस वर्षांत साहेबांनी चार पक्ष केले. साहेब बदलले की तुझे मामा नवी दस्ती घालून घरी यायचे. जुनी मी धुऊन ट्रंकेत ठेवायची. "असू दे, परत लागंल," म्हणायचे. एकदा लागली बी. दोन वर्षांखाली एप्रिलच्या सभेला भर उन्हात खुर्च्या मांडता मांडता पडले, लकवा मारला. साहेब आले न्हाईत. अर्धापूरच्या केळ्यांचा घड धाडला. तवा ह्यांना घोटभर पाणी गिळत नव्हतं.

मी ट्रंक उघडली. त्यांच्या समोर उघडली, मुद्दाम. दुसऱ्या खोलीत बसून फाडता आलं असतं. एक एक दस्ती दाखवायची, कुठल्या निवडणुकीची ते सांगायचं, अन् कात्री लावायची. शेवटची राहिली ती त्यांनी डाव्या हातानं धरली. सोडंनात. मी एक एक बोट उचकटलं, अक्षरा. लहान लेकराच्या हातातून चाकू काढतेत तसं न्हाई. रागानं. त्यांच्या डोळ्याला पाणी आलं अन् मी शिवत राहिले. तीन दिवस त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. वाकळ झाली तशी त्यांच्या पाठीखाली घातली अन् म्हणलं, "पंचवीस वर्षं डोक्यावर घेतल्या, आता अंगाखाली घ्या."

तुम्ही तिथं लिहिलंय म्हणे, या भागात वाकळीच्या पोटात मायेनं भाकरीचा तुकडा शिवतात. शिवतात. उपाशी वाकळ माणसाला देऊ नये. माझ्या हातून पन्नासेक वाकळी झाल्या, एकीला उपाशी ठेवलं न्हाई. हिच्यात तुकडा घातला न्हाई. मधलं ठिगळ उसवून बघ, नुसता कापूस निघंल. मला कळत नव्हतं, न्हाई का?

मी केलं ते चांगलं केलं असं म्हणत न्हाई. पडलेल्या माणसावर राग काढला. साहेबावर काढायचा तो ह्यांच्यावर काढला, कारण साहेब हाताला येत न्हाई अन् हे उठू शकत न्हाईत. रोज त्यांना पुसते, भरवते, तवा ते डोळ्यासमोर येतं. पण माझं हाय ते. राग माझा, पाप बी माझं. "कळत नव्हतं" लिहून तुम्ही दोन्ही पुसून टाकलं. साहेबांनी ह्यांची पंचवीस वर्षं फुकट नेली. तू माझी एक वाकळ नेलीस. तुझं बरं, तू निदान आत्या म्हणतेस.

तुझा कागद कोराच परत देते. त्याच पेपरात, त्याच जागी छापून आण, "ही वाकळ मुखेडच्या उमाबाई चन्नबसप्पा बिराजदार यांनी शिवली आणि जाणून शिवली." भिंतीवर बी तेच लाव. पोलिसांनी बोलावलं तर मी येईन, मला काय खातेत? वीरेशला सकाळीच सांगितलं. तो न जेवता कामावर गेला. ऑर्डर निघणार न्हाई, हे त्याला कळलंय अन् मला बी. त्याचं तोंड मला रोज बघायचंय, तुला न्हाई, तरी मी हे लिहून राहिले.

छापायला धीर होत न्हाई तर वाकळ उतरव अन् परत दे. मग अकरा देशांना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

शिवकन्या शुक्रवारपर्यंत लातुरात तिच्या लेकीकडं हाय. तिच्या हाती लेखी उत्तर दे. "आत्या, परिस्थिती समजून घे" असलं काही लिहू नकोस, परिस्थितीत मी राहते. शनिवारी सकाळच्या सहाच्या गाडीनं मी डाळ मिलच्या दारात येते, वाकळ न्यायला न्हाईतर वाकळीशेजारी उभी राहायला. कशाला, ते तू ठरव.

छापणार का न्हाई? शुक्रवार, संध्याकाळचे पाच. त्याच्या पुढं मी वाट बघणार न्हाई.

तुझ्या बापाची थोरली बहीण,
उमाबाई