खुर्चीच्या पोटात

४ मार्च, मंगळवार

केलं एकदाचं! वकीलबाईंच्या दुरुस्तीला आलेल्या खुर्चीत रबरी बदक बसवलं. बाळांच्या आंघोळीतलं, दाबलं की कोकलतं. बाई अशिलाला दम देत टेकणार आणि बुडाखालून — क्वीं! करायला नको होतं. गिऱ्हाइकाचा माल. पण हात शिवशिवले, त्याला मी काय करू?

बदक कोंबायला खुर्चीचं बूड उघडलं, तर आतल्या फळीवर बाबांचं अक्षर. दुकानाचा नियमच आहे — खुर्ची बंद करायच्या आधी कुणाकुणाचा हात लागला ते आत पेन्सिलीनं लिहायचं, तारीख घालून. "आत कुणी बघत नाही. म्हणूनच आत खोटं लिहायचं नाही." ऐकून ऐकून कान किटले.

तारीख दोन वर्षांपूर्वीची. खाली — गादी: मी. पट्टे: ताई. शिवण: हिची.

हिची!

बाबा जगात एकाच बाईला 'ही' म्हणायचे. ती घर सोडून गेली तेव्हा मी सात वर्षांचा. "पत्ता ठेवला नाही" — अकरा वर्षं हेच ऐकतोय.

५ मार्च

खुर्ची अजून दुकानातच. कव्हर उसवून बघितलं. आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची बारीक गाठ. माझ्या पहिलीतल्या दप्तरालाही तशीच आहे. आईनं शिवलेलं दप्तर.

म्हणजे दर गुरुवारी ताई स्कूटरवरून कापडाचा गठ्ठा नेते ती 'बाहेरची शिंपीण' म्हणजे आई! आणि मी बैल! मागे म्हणालो होतो, "काय हात आहे बाईचा! बाबा, लग्नच लावून टाकू तुमचं." ताई एकदम पाणी प्यायला उठली होती. आत्ता कळलं.

आणि कव्हर चढवायचं काम बाबा मला का देत नाहीत, तेही कळलं. "तुझा हात धसमुसळा." धसमुसळा म्हणे!

६ मार्च, गुरुवार

ताईला जिन्यात गाठलं. गठ्ठा तिच्या काखेत.

"किती वर्षं?"

"हळू बोल रे."

"किती?"

"पहिल्यापासून. मला शपथ घातलीय."

"कुणी?"

ती गठ्ठा सावरत जिना उतरून गेली.

दुकानाची काच तिनं फोडली तेव्हा मार मी खाल्ला होता. हसत खाल्ला. आमच्या दोघांत काही लपवायचं नाही, असं तीच म्हणाली होती. लबाड!

मग बाबा. फोम कापत होते. सुरीवरून नजर न उचलता म्हणाले, "मीच भेटू दिलं नाही. माझा राग होता. झालं?"

झालं! जसा फोमच कापून झाला.

७ मार्च

बाबांच्या चपला जमिनीला ठोकल्या. एकेकीला सहा खिळे. त्यांनी पकडीनं उपटले आणि भोकांसकट घालून गेले. ओरडले नाहीत. असल्या माणसाची खोडी काढण्यात काय मजा!

९ मार्च

घरात बोलणं बंद. मीठसुद्धा ताईमार्फत. "त्यांना सांग, मीठ सरकवा." मीठ त्यांच्या हाताशी, ते माझ्यासमोर. ताई ताट उचलून आत गेली.

१३ मार्च, गुरुवार

ताईचा डोळा चुकवून गठ्ठ्यात चिठ्ठी घातली. चार फाडल्या, पाचवी बरी जमली. "आई, तुझी लाल गाठ सापडली. मी बाबांपेक्षा उंच झालोय. रविवारी येऊ? बाबांना सांगणार नाही." अक्षर घाण. पण आई मार्क थोडीच देणार!

१६ मार्च

रविवार उगाचच आला. नवा शर्ट घालून दिवसभर बसलो होतो. ताई म्हणाली, "कुठं निघालास?" म्हटलं, "कुठं नाही."

१८ मार्च

बदक वाजलं! वकीलबाई फोनवर अशा तडकल्या की पलीकडच्या पानवाल्यालासुद्धा ऐकू गेलं असेल. खुर्ची परत आली. बाबांनी बूड उघडलं, बदक बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं. पेन्सिल पुढे केली.

"लिही. बदक: तुझं."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मलाही हसू फुटणारच होतं. दाबलं.

"तुम्हाला हसायचा हक्क नाही," म्हणालो.

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "बरं," एवढंच.

२० मार्च, गुरुवार

बाबा वकीलबाईंची खुर्ची पोचवायला गेलेले. ताई शिवून आलेला गठ्ठा टाकून आंघोळीला. मी सोडला. माझीच चिठ्ठी परत आलेली. मागं आईचं अक्षर — मला नाही, बाबांना.

"दर वर्षी तुम्ही विचारता, दर वर्षी मी नाही म्हणते. त्याला बघितलं तर परत यावं लागेल. मला यायचं नाही. ठरलंय तसा दोष तुमच्यावरच असू द्या."

चिठ्ठी जुन्या दप्तराच्या अस्तरात सारली. तेवढ्यात बाबा आले, भोकाभोकांच्या चपलांत. मी तोंड फिरवलं — रोजच्यासारखं. जमलं.

वहीबाई, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. ताईला नको. बाबांना तर मी मेलो तरी नको. त्यांना वाटू दे, मी अजून त्यांच्यावरच चिडलोय.