कचेरीचा झेंडा

४ मार्च, मंगळवार

दुकान फुटलं! कुलूप तोडलेलं, गल्ला उपडा, धुवायला आलेल्या कपड्यांचा ढीग अर्धा जळालेला. शेजारच्या न्हाव्यानं पहाटे धूर बघून पाणी मारलं, म्हणून इस्त्रीचं टेबल तरी वाचलं. आणि चोर कोण? आमचाच कपडे पोचवणारा टेम्पोवाला! पोलिसांना मागच्या दाराशी झोपलेला सापडला, गल्ल्यातले पैसे खिशात. एवढा प्यायलेला. सिगारेट कपड्यांत पडली असणार.

मोठ्या कचेरीवरचा झेंडा आपल्याकडे धुवायला आला होता. तोही जळाला. पोलिसांनी लिहून घेतलं.

५ मार्च

वहीशी तरी खोटं कशाला?

झेंडा त्यानं नाही जाळला. मी जाळला. सोमवारी दुपारी फोनवर बहिणीशी बोलत बसले आणि इस्त्री झेंड्यावर तशीच राहिली. मधोमध तपकिरी डाग, इस्त्रीच्या आकाराचा. कचेरीचा साहेब काय म्हणेल, एवढं बांधलेलं काम हातचं जाईल! टेबलाखाली दडवला. काल सकाळी तो जळका ढीग दिसला. न्हावी पोलिसांना बोलवायला गेला होता. डाग ओळखू येईल म्हणून झेंडा बाहेर काढून आधी काडी लावली, मग विझवून ढिगात कोंबला. माझ्या ह्याच हातांनी!

घरात ह्यांनाही बोलले नाही.

८ मार्च

साहेब येऊन गेला. वाटलं, आता झापणार. तर उलट माझीच समजूत घालायला लागला. "बाई, तुमचा काय दोष? नव्या कायद्यात बसतंय हे. दुसरा गुन्हा करताना झेंडा जाळला की शिक्षा जबर." नुसत्या चोरीला सहा महिने झाले असते म्हणे. आता पाच वर्षं!

आणि मी त्याला चहा विचारला. चहा!

१४ मार्च

टेम्पोवाल्याची बायको आली होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, चोरी केली, त्याची शिक्षा भोगू दे. पण झेंड्याचं तेवढं साहेबांशी बोलून बघा ना. तुमचं ऐकतील ते."

मी घड्या घालत राहिले. एकच चादर, पुन्हा पुन्हा मोडून. "बघते," म्हणाले. मान वर करवेना. ती जाताना दार हळूच लोटून गेली, गिऱ्हाइकासारखी.

१५ मार्च

लाज वाटते. आरशात बघून वेणी घालवत नाही.

२३ मार्च

शेवटी ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधी उठून दार लावून घेतलं. मग, "वेड लागलंय का तुला? आता तोंड उघडलंस तर दुकानाला टाळं. तो तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे?"

नाही. चोर आहे. पण नुसता चोरच आहे!

उद्या कोर्टात साक्ष आहे माझी. सगळं सांगून टाकायचं. ठरलं. काय व्हायचं ते होऊ दे.

२४ मार्च

माझ्या आधी टेम्पोवाल्यालाच उभं केलं. "दारूत होतो, काही आठवत नाही. सगळे म्हणतात, तर जाळलाच असेन." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "ताई, तुमच्या दुकानात असलं पाप केलं. माफ करा."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"असू दे," म्हणाले मी.