घुंगरू नसलेलं यंत्र

अण्णा, तुमच्यासाठी बर्फ म्हणजे गोणपाटात गुंडाळलेली लादी, रसाच्या पातेल्याशेजारी ठेवून हातोडीनं फोडायची. इथं परदेशात, आमच्या आल्मेरे गावात, तो आभाळातून पडतो आणि बहुतेक वेळा दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. कोरोनातल्या त्या हिवाळ्यात मात्र वाऱ्यासकट रात्रभर पडला, आणि सकाळी दार उघडलं तर आमची गल्लीच दिसेना. त्या दिवसाबद्दल मला कुणाशी तरी बोलायचंय आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही, म्हणून हे कागद घेऊन बसलेय. ऐकताना तुम्ही मध्ये मध्ये "बरं, मग?" म्हणायचात, तसं म्हणत राहा, म्हणजे मला नीट सांगता येईल.

तुमचा जावई वरच्या खोलीत आठवडाभर तापानं पडला होता. त्याला बघायला तुम्ही राहिला नाहीत. शांत माणूस, माझ्या बडबडीला पुरून उरलेला. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर मी त्याला इतक्यांदा लावत होते की शेवटी तो म्हणाला, अगं, बोट माझं आहे, ठेव जरा माझ्याकडे. एवढ्या बोलण्यानंही त्याला धाप लागली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की ऑक्सिजनचं यंत्र घरीच पाठवते. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच व्हॅनवाल्याचा फोन आला. तो कोपऱ्यापर्यंत आला होता, पण पुढं गुडघाभर बर्फ, आणि यंत्र जड, चाकांवरचं. म्हणाला, दारापर्यंत वाट करून ठेवा, मी पलीकडचं एक घर उरकून येतो, नाही जमलं तर उद्या सकाळी. उद्या म्हणे! उद्यापर्यंत कुणी थांबायचं, आणि कशाच्या जोरावर? बागेतलं छोटं फावडं घेऊन मी बाहेर धावले आणि थोड्याच वेळात कळलं की हे माझ्याच्यानं होणारं नाही.

समोर एक आजोबा एकटे राहतात. तरुणपणी नॉर्वेत नोकरी केलेले, आणि येताना तिकडून स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून बाजूला फेकणारं यंत्र, घेऊन आलेले. या सपाट देशात ते यंत्र कशाला, म्हणून सगळी गल्ली त्यांना हसायची, मीसुद्धा. त्यांनी मला खिडकीतून पाहिलं असणार. आमच्या घरात कोरोना आणि त्यांची छाती नाजूक, त्यामुळं जवळ यायची सोय नव्हती. त्यांनी यंत्र ढकलत दाराबाहेर आणून ठेवलं, आत जाऊन खिडकीत उभे राहिले आणि फोनवरून शिकवायला लागले. गॅरेजात चालू करायचं नाही, धूर कोंडतो. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही. मफलरची टोकं जॅकेटात खोच. बर्फ उडवायचा नळा कुणाच्या खिडकीकडे धरू नकोस, दगड उडतात. दांडे सोडले की आतली पाती थांबतात. आणि नळा तुंबला तर इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि ती लाल काठी घालायची, कडेला अडकवलीय बघ. मी सगळ्याला हो हो म्हणत होते. कान त्यांच्याकडे आणि डोळे आमच्या वरच्या खिडकीकडे. शिवाय मनात कुठंतरी होतंच, की मला काय यंत्राची भीती घालताय, मी रसवंतीवाल्याची मुलगी आहे.

मी लहान आहे, फलटणच्या स्टँडसमोर आपला उसाचा चरक फिरतोय. चाकाला घुंगरू बांधलेत, त्यांच्या आवाजावर गिऱ्हाईक वळतंय. तुम्ही चरकाकडे पाठ करून गिऱ्हाइकाशी बोलताय, पण कान मागे आहेत. दुमडलेल्या उसात आलं-लिंबू घालून मी तो पुन्हा आत सारतेय आणि एक चिपाड अडकतं, म्हणून मी बोटं पुढं करते. तुम्ही वळलेलेही दिसला नाहीत, पण माझं मनगट तुमच्या मुठीत आहे आणि गिऱ्हाईक हातात ग्लास घेऊन उभं आहे. "घुंगरू वाजतंय तोवर हात तुझा नाही. थांबलं की मग घाल." त्यानंतर संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. रात्री मात्र माझ्या ताटात तुमच्या वाटणीची साय होती. तो एक नियम मी इतका मुरवून घेतला की मिक्सर असो, नाहीतर शिलाईचं मशीन, आवाज थांबला की हात आपोआप पुढं जातो.

अर्धी वाट झाली आणि नळा तुंबला. खालचा थर ओल्या बर्फाचा होता, तो आत घट्ट बसला. मी इंजिन बंद केलं. गल्लीत इतकं सामसूम झालं की मला माझा श्वास ऐकू आला. व्हॅन केव्हाही येईल, तुंबलेली वाट बघून निघून जाईल, या धसक्यानं मी काठीकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज थांबला होता ना? मग हात घातला. गोठलेला गोळा निघाला आणि बंद यंत्राची पाती खाडकन फिरली. बर्फानं अडवून धरलेला जोर त्यांच्यात तसाच शिल्लक होता, हे आजोबांनी मला नंतर समजावलं. मी तुमच्या जावयाचे हातमोजे घातले होते, मला ढगळ होणारे. पात्यांनी धरली ती मोज्याची रिकामी टोकं. माझी बोटं आत शाबूत होती. आजोबा खिडकीची काच बडवत होते. मग खिशातल्या, अजून चालू असलेल्या फोनमधून त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "काठी घे पोरी. बाकी सगळं थांबेल." मला तुमचा इतका राग आला, अण्णा. तुमच्या नियमाच्या भरवशावर मी हात घातला होता, आणि तो नियम चरकाचा होता, या यंत्राचा नव्हताच. पण हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार.

काठीनं नळा मोकळा केला आणि दारापर्यंत वाट काढली. व्हॅनवाला आला, दारातच पांढरा झगा आणि मास्क चढवला आणि ऑक्सिजनचं यंत्र वर नेऊ लागला. मला म्हणाला, चला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी आलेच. आणि मी परत बाहेर गेले, स्नो ब्लोअर चालू केला आणि आजोबांच्या दारापुढचा बर्फ काढायला लागले. तो झाला तेव्हा त्यांच्या शेजारच्यांचाही काढला. शेवटी व्हॅनवालाच बाहेर येऊन हातवारे करायला लागला, की तुमचा जावई मला वर बोलावतोय.

आता तो बरा आहे. जिना चढताना मध्येच थांबतो आणि मी पाहतेय हे कळलं की खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं करतो. फोनवर सगळ्यांना कौतुकानं सांगतो की आपल्यावर एवढं संकट असतानाही हिनं म्हाताऱ्या शेजाऱ्याचं दार मोकळं करून दिलं. मी ते खोडून काढत नाही. हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे नाहीत म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. मला शेजाऱ्याची आठवणही नव्हती, अण्णा. ते बर्फाचं यंत्र चालू असेपर्यंत वरून कुणी कसलीही बातमी ओरडून सांगितली असती तरी मला ऐकू आली नसती, म्हणून मी ते बंद करत नव्हते.